पदवीधरांच्या यादीत वैद्य कोठे आहेत?

आपल्या या त्रैमासिकात निदान, चिकित्सा, द्रव्यगुण आणि औषधी निर्मिती यांवरील लेखन येत असते व तसेच ते यावे. विधान परिषदेसारखा विषय येथे मांडताना मलाही थोडा संकोच वाटतो आहे. परंतु ज्या सभागृहात सदस्य पाठविण्याचा थेट अधिकार आपल्या पदवीमुळे आपल्याला मिळालेला आहे, त्या सभागृहाविषयी आपल्या जिल्हा बैठकांमध्ये एक अक्षरही निघत नाही. गेल्या काही वर्षांत या सभागृहातील सदस्यबदलांचा नंदुरबारशी इतका निकटचा संबंध आला, की आता तरी हा विषय आपल्यापुढे ठेवणे कर्तव्य आहे, असे वाटते. कोणत्याही पक्षाची बाजू घेण्याचा माझा हेतू नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो.

महाराष्ट्र विधान परिषदेत ७८ सदस्य असतात. त्यांपैकी ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी निवडतात, ७ पदवीधर, ७ शिक्षक, आणि १२ जणांची नियुक्ती राज्यपाल करतात. सभागृह कायम राहते, ते बरखास्त होत नाही. सदस्यांची मुदत सहा वर्षांची असून दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. पाठ्यपुस्तकातील ही माहिती सर्वांना आहे. परंतु या पाच दारांपैकी कोणत्या दारातून कोण आत येतो, कोण बाहेर पडतो आणि मोकळ्या झालेल्या जागेवर कोण बसतो, याकडे आपले लक्ष नसते.

आपल्या जिल्ह्याचेच पाहा. २० जून २०२२ रोजी आमदारांच्या मतांनी झालेल्या निवडणुकीत अक्कलकुवा भागातील आमश्या पाडवी हे शिवसेनेकडून परिषदेवर निवडून आले. मतमोजणी आटोपली त्याच रात्री राज्याच्या राजकारणाने सुरतेची वाट धरली आणि पुढे काय घडले ते सर्वज्ञात आहे. पाडवी प्रथम उद्धव ठाकरे यांच्यासमवेत राहिले व मार्च २०२४ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते अक्कलकुव्यातून के. सी. पाडवी यांचा पराभव करून विधानसभेवर निवडून आले. एका व्यक्तीला एकाच वेळी दोन्ही सभागृहांचे सदस्य राहता येत नाही. त्यामुळे त्यांची परिषदेतील जागा रिकामी झाली. मार्च २०२५ मध्ये अशा पाच रिक्त जागांसाठी पोटनिवडणूक झाली. पाच जागा आणि पाचच उमेदवार, म्हणून मतदानाची वेळच आली नाही. शिवसेनेच्या वाट्याच्या जागेवर नंदुरबारचे चंद्रकांत रघुवंशी बिनविरोध निवडून आले.

हेच रघुवंशी पूर्वी काँग्रेसतर्फे परिषदेचे सदस्य होते. २०१९ मध्ये राजीनामा देऊन ते शिवसेनेत गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन शासनाने राज्यपालांकडे जी बारा नावे पाठविली त्यांत त्यांचेही नाव होते. ती यादी राजभवनात पडून राहिली आणि पुढील शासनाने ती मागे घेतली. जून २०२० पासून ऑक्टोबर २०२४ पर्यंत, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ, राज्यपालनियुक्त बारा खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांतील सात भरण्यात आल्या. वाङ्मय, शास्त्र, कला, सहकारी चळवळ व समाजसेवा यांतील विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या व्यक्तींसाठी घटनेने या जागा ठेवल्या आहेत. त्या निकषावर अलीकडच्या नियुक्त्या कितपत उतरतात, याचा निर्णय वाचकांनी स्वतः करावा. शास्त्रांत आयुर्वेदही येतो, असे आपण मानतो. तसे मानणारा दुसरा कोणी त्या यादीजवळ फिरकलेला मला आठवत नाही.

दुसरे दार स्थानिक स्वराज्य संस्थांचे. धुळे आणि नंदुरबार या दोन जिल्ह्यांचा मिळून एक मतदारसंघ आहे. शिरपूरचे अमरीशभाई पटेल तेथून काँग्रेसतर्फे सदस्य होते. २०१९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला व ते भारतीय जनता पक्षात गेले. कोरोनामुळे लांबलेली पोटनिवडणूक १ डिसेंबर २०२० रोजी झाली. एकूण मतदार होते ४३७ आणि त्यांपैकी ४३४ जणांनी मतदान केले. पटेल यांना ३३२, काँग्रेसचे अभिजित पाटील यांना ९८ मते मिळाली, चार मते बाद ठरली. वर्षभराने, डिसेंबर २०२१ मध्ये, नियमित निवडणूक आली तेव्हा विरोधी उमेदवाराने माघार घेतली व पटेल बिनविरोध निवडून आले. व्यक्ती तीच, खुर्ची तीच, पक्ष मात्र निराळा. या मतदारसंघात जिल्हा परिषद सदस्य, महापालिका, नगरपालिका व नगरपंचायतींचे नगरसेवक आणि पंचायत समित्यांचे सभापती मत देतात. ग्रामपंचायतीच्या सदस्याला तेथे मत नाही, मग तुम्हाआम्हाला कोठून असणार? शिवाय या संस्थांच्या निवडणुका रखडल्या की परिषदेच्या या जागाही रिकाम्या राहतात. २०२२ नंतर राज्यात अनेक मतदारसंघांत हेच झाले. नंदुरबार व धुळे जिल्हा परिषदांची जानेवारी २०२० मध्ये निवडून आलेली मंडळी जानेवारी २०२५ मध्ये पायउतार झाली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला.

या सगळ्या घडामोडींना आपल्या भागात एक निराळे परिमाण आहे. नंदुरबार जिल्ह्यातील विधानसभेचे चारही मतदारसंघ, म्हणजे अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार आणि नवापूर, अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. लोकसभेचा मतदारसंघही राखीव आहे. शेजारचे शिरपूर २००९ पासून राखीव झाले आणि तेथे दीर्घकाळ आमदार राहिलेले अमरीशभाई त्याच वर्षी परिषदेकडे वळले. या आरक्षणाविषयी माझ्या मनात कोणतीही तक्रार नाही. सातपुड्याच्या कुशीतील या जिल्ह्यात ते असलेच पाहिजे. परंतु त्यामुळे बिगर आदिवासी पुढाऱ्यांसाठी परिषद हाच आमदारकीचा मार्ग उरतो आणि त्या मार्गावरची चुरस मुंबईत, पक्षश्रेष्ठींच्या दालनात ठरते. जिल्ह्यातील मतदार नंतर वर्तमानपत्रात वाचतो.

आता उरलेल्या दोन दारांकडे येतो. माझ्या या लेखाचे खरे प्रयोजन तेच आहे.

नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघात नाशिक, अहिल्यानगर, जळगाव, धुळे व नंदुरबार हे पाच जिल्हे येतात. येथे राखीव जागा नाही, आमदारांचे गणित नाही, राजभवनाची मर्जी नाही. उमेदवाराला आपल्या दारी यावे लागते. आपल्या बी.ए.एम.एस. पदवीला तेथे कला, वाणिज्य, अभियांत्रिकी वा एम.बी.बी.एस. इतकेच मोल आहे. आणि याच मतदारसंघात ३० जानेवारी २०२३ रोजी मतदान होत असता प्रस्तुत लेखक मतदान न करता घरी परतला.

ती हकीकत सांगण्यासारखी नाही, पण सांगतो. २०१६ च्या अखेरीस एका स्नेह्याच्या आग्रहाने मी पदवीधर म्हणून नाव नोंदविले होते आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये मतदानही केले होते. एकदा नाव लागले म्हणजे ते विधानसभेच्या यादीप्रमाणे कायम राहते, अशी माझी समजूत. सहा वर्षांनी सकाळची रुग्णतपासणी लवकर आवरून मी केंद्रावर गेलो. यादीत नाव नाही. पुन्हा पाहिले, नाही. तेथील कर्मचाऱ्याने अत्यंत सौजन्याने विचारले, "डॉक्टरसाहेब, अठरा नंबरचा फॉर्म भरला होता का?" मी विचारले, तो कोणता? बाहेर पडलो तेव्हा ओळखीचे आणखी दोन वैद्य आत येत होते. त्यांपैकी एकाचीच नोंद होती. दुसरे माझ्यापेक्षा वयाने ज्येष्ठ, शहाद्याकडील प्रतिष्ठित चिकित्सक. ते माझ्याबरोबरच परतले. वाटेत चहा घेतला, पण त्या विषयावर दोघेही बोललो नाही.

चूक कोणा कार्यालयाची नव्हती. पदवीधर मतदारसंघाची यादी दर निवडणुकीपूर्वी कोरी पाटी धरून नव्याने तयार केली जाते. मागील यादीतील नावे पुढे नेली जात नाहीत. निवडणुकीच्या आधीच्या वर्षातील १ नोव्हेंबर हा अर्हता दिनांक असतो. त्या दिवशी मतदारसंघात सर्वसाधारणपणे वास्तव्य असले पाहिजे आणि पदवी मिळून किमान तीन वर्षे झालेली असली पाहिजेत. नमुना १८ मध्ये अर्ज, सोबत पदवी प्रमाणपत्राची किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत. २०२२ मध्ये १ ऑक्टोबरला सूचना निघाली, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अर्ज घेतले गेले, २३ नोव्हेंबरला प्रारूप यादी आली आणि ३० डिसेंबरला अंतिम यादी. हे सारे वर्तमानपत्रांत छापून आले होते. त्या दिवसांत दवाखान्यात डेंग्यूसदृश तापाची गर्दी होती आणि पुढे दिवाळी. आपल्यापैकी कितीजणांनी ती सूचना वाचली असेल?

नाशिक विभागातील त्या निवडणुकीचे आकडे मात्र वाचण्यासारखे आहेत. सुमारे २ लाख ६२ हजार पदवीधरांची नोंदणी झालेली होती. पाच जिल्ह्यांतील पदवीधरांची खरी संख्या किती असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. नोंदलेल्यांपैकी १ लाख २९ हजार ६१५ जणांनी मतदान केले, म्हणजे निम्म्याहून किंचित कमी. त्यांतील १२ हजार ९९७ मते बाद झाली. सर्व मतदार पदवीधर, आणि दर दहा मतपत्रिकांमागे एक बाद! येथे यंत्र नसते, मतपत्रिका असते. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानेच उमेदवाराच्या नावासमोर पसंतीचा अंक लिहावा लागतो. पहिल्या पसंतीचा १ हा अंक एकाच उमेदवारासमोर हवा. बरोबरची खूण केली, अक्षरांत 'एक' लिहिले, सही केली किंवा खिशातले पेन वापरले, की मत बाद. आपण औषधयोगात एक द्रव्य मात्रेबाहेर गेले तर संपूर्ण योग टाकून देतो. त्यातलाच हा प्रकार.

वैध १ लाख १६ हजार ६१८ मतांपैकी अपक्ष उमेदवार सत्यजीत तांबे यांना ६८ हजार ९९९ आणि महाविकास आघाडीचा पाठिंबा असलेल्या धुळ्याच्या शुभांगी पाटील यांना ३९ हजार ५३४ मते पडली. निवडून येण्यासाठीचा कोटा होता ५८ हजार ३१०. या जागेचा इतिहासही सदस्यबदलाच्या दृष्टीने बोलका आहे. २००९ मध्ये येथील तत्कालीन आमदार प्रतापदादा सोनवणे धुळ्यातून लोकसभेवर गेले आणि रिक्त जागेवर डॉ. सुधीर तांबे आले. ते व्यवसायाने डॉक्टर. सलग तीन वेळा त्यांनी हा मतदारसंघ राखला. २०२३ मध्ये काँग्रेसची अधिकृत उमेदवारी मिळूनही त्यांनी अर्ज भरला नाही आणि त्यांच्या चिरंजीवांनी अपक्ष म्हणून भरला. पक्षाने दोघांवर कारवाई केली. मतदारांनी अपक्षाला निवडून दिले. ही घडामोड कोणाला रुचो वा न रुचो, पण निकाल लागला तो पदवीधरांच्या मतांनी. ६९ हजारांच्या आतली मते ही काही डोंगराएवढी संख्या नव्हे. पाच जिल्ह्यांतील सर्व पद्धतींचे चिकित्सक, औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर आणि त्यांच्या घरातील पदवीधर मंडळी यांनी नावे लावली, तर उमेदवाराच्या वहीत आपल्यासाठी एक स्वतंत्र पान निघेल, असे मला वाटते.

यावर एक रास्त आक्षेप माझ्याच मनात येतो. पदवी आहे म्हणून मला दोन मते का असावीत? धडगावच्या डोंगरातून तीन वाहने बदलून माझ्याकडे येणाऱ्या रुग्णाला एकच मत आहे. तो कष्टाने आणि जाणिवेने माझ्यापेक्षा काही उणा नाही. घटना तयार झाली तेव्हा पदवीधर मोजके होते आणि त्यांच्या ज्ञानाचा सभागृहाला लाभ व्हावा, ही त्यामागील कल्पना. आज ती कितपत समर्थनीय आहे, याविषयी मी स्वतः साशंक आहे. परिषदच नको, असे म्हणणारेही आहेत. तिचे अधिकार मर्यादित आहेत, हे खरे. विधानसभेने मंजूर केलेले सामान्य विधेयक ती प्रथम तीन महिने व दुसऱ्यांदा एक महिना अडवू शकते. अर्थविधेयक चौदा दिवसांत परत करावे लागते. परंतु ती जोवर आहे आणि तिच्यात आपला अधिकार आहे, तोवर तो न वापरण्याने त्या धडगावच्या रुग्णाचे काही भले होते, असेही नाही.

आपल्या सीमेवरून पाहिले म्हणजे या अधिकाराचे दुर्मीळपण कळते. आज देशात केवळ सहा राज्यांत विधान परिषद आहे. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत, हे कौतुक आपण पाहुण्यांना दाखवितो. त्या फलाटावर पलीकडे उतरून उच्छलला दवाखाना चालविणाऱ्या वैद्याला, त्याची पदवी आपल्यासारखीच असली तरी, पदवीधर म्हणून मत नाही. कारण १९६० साली मुंबई राज्याची विभागणी झाली तेव्हा परिषद महाराष्ट्राकडे राहिली आणि गुजरातने एकच सभागृह ठेवले. शहाद्याहून खेतियाला गेले की मध्य प्रदेश लागतो. तेथे परिषदेची तरतूद १९५६ च्या घटनादुरुस्तीत झाली, पण ती कधी अस्तित्वातच आली नाही. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे जे नाही ते आपल्याकडे आहे आणि ते आपण फळीवर ठेवून दिले आहे.

कोणी विचारील, परिषदेतील एका आमदाराने होते काय? सदस्याला तारांकित प्रश्न विचारता येतो, लक्षवेधी सूचना मांडता येते, अर्धा तास चर्चा मागता येते, आणि मंत्र्याला सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागते. वि. स. पागे हे १९६० पासून १९७८ पर्यंत याच परिषदेचे सभापती होते आणि रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जाणाऱ्या कुटुंबांकडे पाहिले, की त्या योजनेची आठवण होते. आरोग्य खात्याच्या दृष्टीने पाहायचे तर डॉ. दीपक सावंत यांचे उदाहरण घ्यावे. मुंबई पदवीधर मतदारसंघाचे आमदार असताना ते राज्याचे आरोग्यमंत्री होते. जुलै २०१८ मध्ये त्यांची परिषदेची मुदत संपली. सभागृहाचा सदस्य नसलेल्याला सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ मंत्रिपदावर राहता येत नाही, म्हणून जानेवारी २०१९ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. याच नियमामुळे मुख्यमंत्रिपदी असलेले उद्धव ठाकरे मे २०२० मध्ये परिषदेवर आले. सदस्यत्वाच्या एका जागेवर खाते आणि सरकार अवलंबून राहू शकते, ते असे.

आणि आपले प्रश्न काय थोडे आहेत? महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ हा आपल्या नोंदणीचा पाया. त्यात दुरुस्ती करावयाची झाली तर विधेयक दोन्ही सभागृहांतून जाते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांखाली राज्य शासनाने १९९२ व १९९९ मध्ये काढलेल्या आदेशांच्या आधारे आपल्यापैकी अनेकजण आधुनिक औषधे लिहून देतात. तरी औषध दुकानदार बंधूंना तपासणीच्या वेळी वैद्याच्या चिठ्ठीवरून प्रश्न विचारले जातात, आणि मग ते सावधपणे आपली चिठ्ठी परत पाठवितात. दोष त्यांचाही नाही. स्पष्ट उत्तर मागण्याची जागा विधिमंडळ आहे. तसेच सातपुड्यातील भरारी पथकांचे. अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांत, जेथे जाण्यास इतर कचरतात, तेथे मानसेवी वैद्यकीय अधिकारी म्हणून पाड्यापाड्यांवर कुपोषित बालके आणि गरोदर माता तपासण्याचे काम प्रामुख्याने बी.ए.एम.एस. तरुणांनीच केले. वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर, कायम होण्याची आशा धरून. आपल्यापैकी काहींची सुरुवात तेथेच झाली. त्या काळी आम्ही निवेदने किती दिली! एकदा एका निवेदनाची प्रत स्वीकारताना एका कार्यकर्त्याने हसत विचारले, "तुमची मते किती आहेत?" आम्ही सहाजण होतो. उत्तर देता आले नाही. आजही मला जिल्ह्यातील नोंदणीकृत वैद्य पदवीधर मतदारांची संख्या सांगता येणार नाही, कारण ती कोणी मोजलेलीच नाही.

शिक्षक मतदारसंघाविषयी दोनच शब्द. नाशिक विभागातून किशोर दराडे २०१८ मध्ये आणि पुन्हा जून २०२४ च्या निवडणुकीत निवडून आले. आयुर्वेद महाविद्यालयांत अध्यापन करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना, गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षे शिकविलेले असल्यास, नमुना १९ भरून तेथे नोंदणीचा अधिकार मागता येतो. त्यांनी दोन्ही यादींकडे लक्ष द्यावे.

आता पुढचे. सत्यजीत तांबे यांची मुदत फेब्रुवारी २०२९ मध्ये संपते. म्हणजे नियमित निवडणुकीसाठी यादी २०२८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तयार होईल आणि १ नोव्हेंबर २०२८ हा अर्हता दिनांक धरला, तर १ नोव्हेंबर २०२५ पर्यंत पदवीधर झालेले सर्वजण पात्र ठरतील. ज्यांनी नुकतीच पाटी लावली आहे, त्यांनाही हे लागू आहे. मधल्या काळात राजीनामा, लोकसभा किंवा विधानसभा अशा कोणत्याही कारणाने जागा रिक्त झाली, तर पोटनिवडणूक आधीच येऊ शकते. २००९ मध्ये तसे घडलेच होते.

काही व्यावहारिक गोष्टी येथेच सांगून ठेवतो. गठ्ठ्याने अर्ज स्वीकारले जात नाहीत. त्यामुळे आपली संघटना शंभर अर्ज गोळा करून तहसील कार्यालयात नेऊन देईल, अशी कोणी अपेक्षा ठेवू नये. संस्थाप्रमुखाला आपल्या संस्थेतील पात्र कर्मचाऱ्यांचे अर्ज एकत्र पाठविता येतात. म्हणजे महाविद्यालयाचे प्राचार्य आणि कर्मचारी असलेल्या रुग्णालयांचे व औषधी निर्मितीशाळांचे प्रमुख हे काम करू शकतात. एकाच घरातील व्यक्तींचे अर्ज घरातील एकाला देता येतात. आपल्या घरांतून पती-पत्नी दोघेही वैद्य असतात, सुना-मुले पदवीधर असतात, तेव्हा ही सोय लक्षात ठेवावी. औषध विक्रेत्यांपैकी ज्यांच्याजवळ केवळ पदविका आहे, त्यांनी नाव लागेल असे गृहीत धरू नये, तहसील कार्यालयात आधी विचारून घ्यावे, बी.फार्म. झालेल्यांना अडचण नाही. मूळ पदवी प्रमाणपत्र अनेकांनी चौकटीत घालून दवाखान्याच्या भिंतीवर टांगलेले असते. त्याची छायाप्रत काढायची तर चौकट उघडावी लागते, आणि केवळ तेवढ्या आळसापायी अर्ज राहून गेलेले एक उदाहरण मला ठाऊक आहे.

संघटनेने काय करावे, याविषयी माझी सूचना लहान आहे. प्रत्येक तालुक्यातून एका सदस्याने आपल्या भागातील वैद्य व औषधी व्यावसायिकांची, त्यांच्या कुटुंबातील पदवीधरांसह, वही तयार करावी. सहाच तालुके आहेत. २०२८ च्या सप्टेंबरातील अंकात नमुना १८ विषयीची सूचना पहिल्या पानावर छापावी आणि प्रारूप यादी आली की वहीशी ताडून पाहावी. हरकतींची मुदत असते तेव्हाच चूक दुरुस्त होते. मतदानाच्या दिवशी नाही, हे मी अनुभवाने सांगतो. नंतर जे उमेदवार मत मागण्यास येतील, त्यांना ती वही दाखवून चिठ्ठीचा, भरारी पथकांचा आणि नोंदणी कायद्याचा प्रश्न विचारावा. कोणाला मत द्यावे, हे मात्र संघटनेने सांगू नये. त्या बाबतीत आपल्यात एकवाक्यता होणार नाही आणि होण्याची आवश्यकताही नाही.

जिल्हा शाखेच्या आगामी सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत हा विषय घ्यावा, असे पत्र मी सचिवांना देत आहे. अक्कलकुवा आणि धडगाव येथील वह्यांसाठी अद्याप कोणी पुढे आलेले नाही; तेथील सदस्यांनी सभेपूर्वी कळविल्यास बरे होईल.